कोल्हापुरात ग्रीक-लॅटिन शिकवायला सुरुवात कशी करावी

पहिला तास वर्गात घेऊ नका. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझची मूर्ती टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. मुलांना तिच्यासमोर उभं करा, मग नकाशा उघडा. प्राचीन काळी रोमशी असलेला व्यापार समजावायला याहून चांगलं साधन गावात नाही.

पुढे ग्रीक लिपी: 24 अक्षरं, रोज चार. थीटा, फी, खी यांचे अथेन्समधले जुने उच्चार थ, फ, ख. आपल्या मुलांना ते आयतेच येतात. पण पाठ देवनागरीत उतरवू देऊ नका. ग्रीकमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ यांना वेगळी अक्षरं आहेत. देवनागरीत तो फरक बुडतो आणि ग्रीक महाकवी होमरच्या ओळींच्या मात्रा चुकतात.

लॅटिनमध्ये संस्कृत झालेली मुलं पटकन रुळतात, अडतात ती ॲब्लेटिव्ह या विभक्तीवर. ‘ग्लादिओ’ तलवारीने, ‘रोमा’ रोमहून, ‘नोक्ते’ रात्री: तृतीया, पंचमी आणि सप्तमीची कामं इथे एकच विभक्ती करते. नुसता तक्ता घोकून हे सुटत नाही. रोज पाचच वाक्यं द्या. आधी क्रियापद शोधायला लावा, मग कर्ता, मग ॲब्लेटिव्हचं काम काय ते. मराठी भाषांतर सगळ्यात शेवटी.