काउंटरच्या आतून पाहिलेले खोलीचे भाव

नागपूरच्या बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या) एका लॉजच्या काउंटरवर मी ९ वर्षं बसले. सकाळच्या गाड्या लागल्या की बॅगा ओढत माणसं यायची, आणि एकाच मजल्यावरच्या एकसारख्या खोल्यांचे तीन माणसांना तीन भाव लागायचे. एकाने ॲपवरून घेतलेली, एकाने आदल्या आठवड्यात फोन करून ठरवलेली, एक नुसताच दारात येऊन उभा राहिलेला. सगळ्यात जास्त बहुतेक तोच मोजायचा, ज्याच्या कडेवर झोपलेलं लेकरू असायचं आणि दुसरीकडे शोधत फिरायचं त्राण नसायचं. मला ते फार लागायचं. आता नात्यातलं कुणीही बाहेरगावी निघालं की खोलीचं मी बघते. कसं बघते ते सांगते.

हॉटेल शोधण्याआधी तारीख तपासा. मागच्या पावसाळ्यात जाऊबाईंना पचमढीला जायचं होतं. ॲपवर साध्या डबल बेडला ३,४०० दिसत होते. त्या म्हणाल्या, "काहून गं एवढे? उन्हाळा तर गेला." मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. त्यांच्या मनातली तारीख नेमकी नागपंचमीच्या आठवड्यात होती. पचमढीजवळच्या नागद्वारच्या यात्रेला आपल्या विदर्भातून केवढी माणसं जातात! १२ दिवस पुढे सरकलो तर तीच खोली १,९०० ला मिळाली. चिखलदऱ्याचं गणित वारावर चालतं: पावसाळ्यात शनिवारी जो भाव, तो मंगळवारी नसतो. ताडोब्याचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, मंगळवारी बंद असतो, त्यामुळे सोमवारी दुपारची सफारी करून तिथेच मुक्काम करणार असाल तर त्या रात्रीचा भाव आवर्जून विचारा. जिथे जायचं तिथली जत्रा, लग्नाचे मुहूर्त, परीक्षा, क्रिकेटची मॅच एवढं बघितलं तरी बरेच पैसे वाचतात.

मग ॲप उघडा, पण मोठ्या अक्षरातल्या भावावर जाऊ नका. पैसे भरायच्या आधीच्या शेवटच्या पानापर्यंत जा आणि तिथला आकडा कागदावर लिहा. कर आणि साइटची फी तिथेच चढते. खोलीचा भाव दिवसाला ७,५०० पर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी लागतो, त्याच्या वर गेला की १८ टक्के. ही रेघ लक्षात ठेवा. ७,६०० ची खोली करासकट ८,९६८ ला पडते आणि ७,४०० ची ७,७७० ला. भावात २०० चा फरक, खिशातून जाताना १,१९८ चा! मोठ्या हॉटेलात राहणार असाल आणि भाव रेघेच्या थोडाच वर असेल, तर सरळ म्हणा, "७,५०० च्या आत बसवता का?" हॉटेलने स्वतःच भाव उतरवला तर कर त्या उतरवलेल्या भावावर लागतो.

भावात काय काय धरलंय तेही बघा. नुसती खोली असेल तर धंद्यात 'ईपी' म्हणतात, नाश्त्यासकट 'सीपी', नाश्ता आणि एक जेवण 'मॅप', सगळी जेवणं 'एपी'. फोनवर "सीपी किती, ईपी किती?" असं विचारलंत की समोरच्याला कळतं, हे गिऱ्हाईक जाणतं आहे. शहरात असाल तर ईपी घ्या, बाहेर पोहे ४० रुपयांत मिळतात. जंगलाकाठी आसपास काही नसतं, तिथे एपी परवडतं.

दोन-तीन ॲप्स तुलनेला पुरतात, फक्त ती एकाच घरची नसावीत. मेकमायट्रिप आणि गोआयबीबो एकाच कंपनीची, बुकिंग डॉट कॉम आणि अगोडा एकाच समूहाची. दोन्ही घरांतलं एकेक बघा आणि गूगलच्या नकाशावर त्याच हॉटेलचे भाव बघा.

आणि आता फोन करा. माझं सगळ्यात मोठं सांगणं हेच आहे. प्रत्येक ॲप हॉटेलकडून कमिशन घेतं, साधारण १५ ते २५ टक्के. २,००० च्या खोलीवर २० टक्के गेले तर मालकाच्या हातात १,६०० पडतात. तुम्ही त्याला थेट १,७५० दिले तर तुमचे २५० वाचले आणि त्याला १५० जास्त मिळाले. हॉटेलने दुसरीकडे कमी भाव लावू नये अशा अटी करारात असायच्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबीबोला त्या काढायला सांगितलं. तरी पुष्कळ हॉटेलं इंटरनेटवर सगळीकडे एकच भाव ठेवतात आणि कमी करायचं ते फोनवर करतात.

फोनची वेळ सांभाळा. सकाळी १० ते १२ काउंटरवर चेक-आउटची झुंबड असते, तेव्हा तुम्हाला उडवून लावतील. रात्री ९ नंतर जो मुलगा बसतो त्याला भाव कमी करायचा अधिकार नसतो, तो बिचारा छापील भावच सांगणार. दुपारी २ ते ४ मध्ये करा. मॅनेजर जेवून आलेला असतो, रजिस्टर समोर उघडं असतं, कोणत्या खोल्या रिकाम्या राहणार हे त्याला दिसत असतं. बोलायचं ते असं:

"नमस्कार दादा. २१ आणि २२ तारखेला दोन रात्री. आम्ही दोघं आणि आठ वर्षांचा मुलगा. ॲपवर तुमची एसी डबल २,००० ला आहे. थेट तुमच्याकडे घेतली तर काय लावाल?"

एवढं बोलून गप्प राहा. बहुतेक लोक इथे घाई करतात, स्वतःच आकडा सांगून बसतात. तो विचार करतो, रजिस्टरची पानं वाजतात, मग म्हणतो, "ताई, १,८०० करतो, नाश्ता धरून." भाव उतरत नसेल तर दुसरं काही मागा: मुलाला वेगळी गादी, सकाळी लवकर चेक-इन, वरच्या मजल्यावरची शांत खोली. यातलं पुष्कळसं त्याच्या हातात असतं. ठरलेलं सगळं व्हॉट्सॲपवर लिहून मागा: तारखा, माणसं, करासकट भाव, चेक-इनची वेळ.

नंबर मात्र कुठूनही उचलू नका. पुरी, द्वारका, केदारनाथ अशा ठिकाणच्या हॉटेलांच्या नावाने खोट्या साइट्स असतात. माझ्या मावसभावाने एका तीर्थाच्या गावी खोलीसाठी ६,००० पाठवले आणि तिथे गेल्यावर कळलं की त्या हॉटेलात त्याच्या नावाची नोंदच नाही. म्हातारी आई सोबत होती, रात्रीचे ११ वाजलेले. दोन-तीन ठिकाणी तोच नंबर दिसतो का ते ताडून बघा, यूपीआयवर येणारं नाव वाचा, ॲडव्हान्स एका रात्रीपुरताच द्या. फसलातच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर झाला तर पैसे परत मिळणं अवघड.

लांबच्या तारखेचं असेल तर मी फुकट रद्द करता येणारी खोली आधी धरून ठेवते. रद्द करायची शेवटची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिते आणि तिच्या दोन दिवस आधी पुन्हा भाव बघते. उतरला असेल तर नवीन घेते, नवीन पक्की झाल्यावरच जुनी रद्द करते.

नागपूरला येणाऱ्यांसाठी एवढं सांगते. डिसेंबरात अधिवेशन असेल तर अधिकारी, पत्रकार, मोर्चेवाले यांनी शहर भरलेलं असतं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, जामठ्याला मॅच असली की वर्धा रोड महागतो. अशा वेळी स्टेशनजवळच हवं असा हट्ट नको. मेट्रोच्या दोन्ही लाइन बर्डीला मिळतात, त्यामुळे एखाद्या स्टेशनापाशी जरा लांब राहिलात तरी अडत नाही. मुंबईहून रात्रीच्या गाडीने सकाळी उतरणार असाल तर '२४ तास चेक-इन'वाली, म्हणजे आलात तिथून २४ तास मोजणारी खोली विचारा. १२ वाजताच्या नियमाचं हॉटेल सकाळी ८ ला आलेल्याकडून अर्ध्या दिवसाचे पैसे मागू शकतं. नुसती आंघोळ आणि दोन तास पाठ टेकायची असेल तर कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर स्टेशनची रिटायरिंग रूम मिळते का ते आधी बघा.