पेपरात फोटोग्राफर म्हणून नव्यानं लागलात? या चुका टाळा

बेळगावात, किंवा खानापूर-निपाणीकडं, एखाद्या मराठी दैनिकात नव्यानं लागलेली मुलं पहिल्या आठवड्यात कॅमेऱ्याबद्दलच विचारतात. कुठली लेन्स घेऊ, फुल फ्रेम घेऊ का. कॅमेऱ्यामुळं वाया गेलेले माझे फोटो हातावर मोजता येतील. नावं चुकल्यामुळं वाया गेलेले खूप जास्त आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

नावं नंतर विचारू म्हणणं

मी नवीन असताना एका गावच्या यात्रेतल्या कुस्तीमैदानाला गेलो होतो. शेवटची कुस्ती दिवे लागल्यावर सुटली. फोटो मनासारखा आला होता. पाठीला लागलेली तांबडी माती, वरच्याच्या मानेची ताणलेली शीर, सगळं दिसत होतं. नावं मी माईकवर पुकारली तेव्हा ऐकली, आणि ऑफिसात येऊन फोटोओळ लिहिताना ती उलटी पडली. चीतपट झालेला पैलवान पेपरात विजयी झाला.

दुसऱ्या दिवशी जिंकलेल्या पोराचे वडील बस पकडून ऑफिसात आले. फोटो वर येईल अशी पेपराची घडी हातात. भांडले नाहीत. "साहेब, पाव्हण्यांनी सगळ्यांनी पेपर घेतलाय ओ," एवढंच म्हणाले. दुरुस्ती पुढच्या अंकात आतल्या पानावर एका ओळीत आली. ती कुणी वाचली असेल असं मला वाटत नाही.

तेव्हापासून फोटो झाला की जागा सोडायच्या आधी वही काढतो. ज्याचं त्याला नाव लिहायला लावतो, डावीकडून उजवीकडं, आणि वहीच्या त्या पानाचाही एक फोटो काढतो. कार्डात नावं फोटोच्या लगेच मागं राहतात, रात्री शोधाशोध करावी लागत नाही. नुसतं आडनाव चालत नाही. आपल्याकडं कुठल्याही गावात गेलात तरी पाटील भेटणारच, त्यामुळं वडिलांचं नाव आणि गल्ली विचारा. समोरचा कन्नड बोलणारा असला तर "निम्म हेसरेनरी? ऊर यावदरी?" एवढं तरी यायलाच पाहिजे. नाव आणि गाव त्याच्या भाषेत विचारलं की माणूस मोकळा होतो. गावाच्या नावाचं कन्नड पाटीवरचं रूप वेगळं आणि आपलं वेगळं असतं. पेपर कुठलं वापरतो ते उपसंपादकाला पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

सत्काराच्या फोटोला कमी लेखणं

शाल, श्रीफळ, व्यासपीठावर अकरा जण. नवीन मुलं असले फोटो उभ्या उभ्या उरकतात. ज्याचा सत्कार असतो त्या निवृत्त गुरुजींचा पेपरात आलेला तो कदाचित एकुलता फोटो असतो. पुढं तो लॅमिनेट होऊन देवाच्या तसबिरीशेजारी लागतो. दोन मिनिटं जास्त द्या, मागच्या रांगेतल्यांना पुढं बोलवा, सत्कारमूर्तीच्या तोंडावर हाराची सावली पडत नाही ना बघा.

दिवसाच्या कार्यक्रमात खरी अडचण मांडवाच्या कापडाची. हिरव्या कापडाखाली सगळे चेहरे हिरवे येतात आणि ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यानं आपोआप केलेली रंगांची दुरुस्ती, त्याला पुरत नाही. समोर कुणाची तरी पांढरी गांधी टोपी असतेच. टोपीनं फ्रेम भरून त्यावर कस्टम व्हाइट बॅलन्स लावून घ्या. एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे आले तर दोष कॅमेऱ्याचा नसतो. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळं असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. भाषणाला शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. कुस्तीला एवढा सावकाश चालत नाही, तिथं कॅमेऱ्यातलं अँटी-फ्लिकर चालू करा. ते नसेल तर सलग फ्रेम काढून त्यातली बरी निवडा.

पडद्यावर छान दिसलेला फोटो पेपरात काळा का छापला, हाही नेहमीचा प्रश्न. वर्तमानपत्राचा कागद शाई पितो, ठिपके पसरतात, सावलीतला चेहरा आणखी गडद होतो. देण्याआधी मधल्या छटा थोड्या उजळा. आणि व्हॉट्सॲपवरून पाठवायचाच झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जाऊन तीन कॉलमला फुटतो.

पावसात

जून ते ऑगस्ट कणकुंबीच्या बाजूला गेलात तर कॅमेरा भिजण्यापेक्षा बुरशीची भीती मोठी. थंड एसीतून बाहेर आल्यावर लेन्सवर वाफ धरली तर पुसत बसू नका, पिशवीतच पंधरा-वीस मिनिटं राहू द्या. घरी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. तांदळात नको, भुकटी आत जाते.

तापलेल्या दिवशी घाई

१ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, शहरात एकीकडं सीमाभाग महाराष्ट्रात नाही म्हणून मराठी माणसांची काळ्या दिनाची सायकल फेरी असते, दुसरीकडं राज्योत्सवाची मिरवणूक. दोन्हीकडं जावं लागतं. ओळखपत्र गळ्यात दिसेल असं ठेवा, गर्दीच्या मधोमध न शिरता एखाद्या दुकानाच्या पायरीवर उभे राहा, आणि बाहेर पडायची वाट आधी बघून ठेवा. त्या दिवशी काढलेला फोटो ऑफिसाआधी कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, मित्रानं मागितला तरी नाही. तारीख नसलेला फोटो पुढच्या वर्षी "आत्ताच घडलं" म्हणून फिरतो, आणि इथं तशा फोटोनं दगड उचलले जातात. फाइलच्या नावात तारीख आणि चौक घालायची सवय त्यासाठीच.

कॅम्पातली लष्करी हद्द आणि सांबऱ्याचं हवाई दल, इथं परवानगीशिवाय कॅमेरा काढू नका. मतदान केंद्रात निवडणूक आयोगाचं पत्र असेल तरच जा. मत देतानाचा फोटो कधीच नाही.

एका बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकून घेत नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या लहान मुलाची किंवा मुलीची ओळख पटेल असं काहीही छापायला पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नं मनाई आहे. पण शहरात शिकवलेली युक्ती, म्हणजे चेहरा धूसर करणं, आपल्याकडं पुरत नाही. गावात दाराचा रंग, अंगणातली तुळस, आईची साडी बघून घर ओळखू येतं. पोलिस ठाण्याच्या पाटीचा फोटो द्या आणि परत या. महामार्गावरच्या अपघातातही आधी १०८ ला फोन झालाय का बघा, आणि घरच्यांना कळल्याची खात्री होईपर्यंत गाडीचा नंबर दिसणारा फोटो बाहेर सोडू नका.

जुने फोटो पुसून टाकणं

कार्ड भरलं की नवीन मुलं न छापलेलं सगळं उडवतात. असं करू नका. दोन हार्डडिस्क घ्या आणि गाव-तारीख असे फोल्डर करा. महिन्यातून एखादा तरी माणूस ऑफिसात येतो, बाहेरच चप्पल काढून उभा राहतो. वडील वारलेत, निधनवार्तेला फोटो पाहिजे, आधारकार्डावरचा काळा येतोय, "तुम्ही सोसायटीच्या कार्यक्रमाला आला होता नव्हं, त्यात ते बसले होते." गाव विचारायचं, साल विचारायचं, फोल्डर उघडायचं. तिसऱ्या रांगेत, फेटा बांधलेले, भाषण ऐकताना किंचित हसलेले. चेहरा मोठा करून स्क्रीन त्याच्याकडं फिरवायची आणि तो बघून होईपर्यंत थांबायचं.