चाळिशीनंतर वजन उतरवताय? निदान या चुका टाळा

दिवाळीचा फराळ संपला की, आणि परत जानेवारी उजाडला की, आमच्या सकाळच्या व्यायामाच्या बॅचला नवे चेहरे दिसायला लागतात. बहुतेक सगळे पंचेचाळीस ते साठमधले. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलेलं असतं, कुणाच्या रिपोर्टमध्ये एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी आकडा, ६.२ आलेलं असतं. पहिला प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच: "मॅडम, महिन्यात किती उतरेल?" वीस वर्षं आरामात चढवलेलं वजन यांना महिन्यात उतरवून हवं असतं. या घाईतून होणाऱ्या चुका इतक्या ठरलेल्या आहेत की आता मला माणूस दारातून आत येतानाच कळतं, हा कुठे अडकणार.

गोळ्या चालू आणि पोट रिकामं

ही चूक सगळ्यात वर, कारण इथे जिवाशी गाठ आहे.

आमच्याकडे एक काका येत होते, बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले. मधुमेहाच्या दोन गोळ्या, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. कुणीतरी त्यांना व्हॉट्सॲपवर सोळा तास उपाशी राहण्याचा व्हिडिओ पाठवला. काकांनी रात्रीचं जेवण बंद केलं, पण गोळ्या नेमाने चालू. सकाळी गोळी घेऊन, काहीही न खाता बॅचला आले. उठाबशा चालू असताना अंगातला शर्ट ओलाचिंब झाला, हात थरथरायला लागले. नाव विचारलं तर भलतंच काहीतरी पुटपुटले. शेजारचे म्हणाले, "बीपी असेल, आडवं करा." मी आधी ग्लुकोमीटर काढला. साखर ४८, म्हणजे धोक्याइतकी कमी. शुद्धीवर होते, गिळता येत होतं, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी परत मोजली, सत्तरच्या वर आली, तेव्हा बिस्किटं दिली आणि काकूंना बोलावून घेतलं. तिथून ते थेट डॉक्टरांकडे गेले. जाताना काकांची तक्रार अशी: "पण मी गोळी तर एकदाही चुकवली नाही."

तोच तर घोळ. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. तुम्ही जेवलात की नाही, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. इन्सुलिनच्या इंजेक्शनचंही तसंच. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्याच दुसऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी भात-भाकरी एकदम तोडली किंवा लांबलचक उपास केले, तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढून दवाखान्यात भरती व्हायची वेळ येऊ शकते, आणि तेव्हा साखर फारशी वाढलेली दिसेलच असं नाही. वजन उतरायला लागलं की बीपीची जुनी गोळीही जड होते. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते.

डॉ. दीक्षितांचं दोनच वेळा जेवण की ऋजुता दिवेकरांचं थोडं थोडं खाणं, हा वाद २०१८-१९ च्या सुमारास घरोघरी रंगला होता, आमच्याकडेही दोन तट पडले होते. दोन वेळा जेवून बारीक झालेले मी पाहिले, थोडं थोडं खाऊन बारीक झालेलेही पाहिले. दोन्हीकडे ढिम्म न हललेलेही भरपूर. माझा कुठल्याच पद्धतीशी झगडा नाही. पण पहिल्या दिवशी मी गोळ्यांची पिशवी मागते. आहारात बदल करायच्या आधी डॉक्टरांना फोन, नंतर नाही. साखरेचा डबा आणि ग्लुकोमीटर कपाटात कायम असतो. आणि घरच्यांनी एक लक्षात ठेवा: माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ॲम्ब्युलन्स बोलवायची.

रोज काट्यावर उभं राहणं

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात आणि लोक पेढे वाटायच्या बेतात येतात. ते बहुतांश पाणी असतं. खाणं कमी केलं की शरीरातली ग्लायकोजेनची, म्हणजे साखरेची, साठवण वापरली जाते आणि तिच्याबरोबर तिच्या तिप्पट पाणी निघून जातं. चरबीचा हिशेब वेगळा. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. महिन्यात दहा किलो चरबी घालवायची तर रोज अडीच हजार कॅलरींची तूट हवी. पन्नाशीतली बाई दिवसभरात तेवढं खातच नाही. मग काटा खाली जातो तो कशाने? पाण्याने आणि स्नायूंनी.

एक ताई सूप आणि फळांवर तीन महिन्यांत अकरा किलो उतरल्या. सगळ्या सोसायटीने कौतुक केलं. पुढे हळदीकुंकवाला खाली बसल्या आणि हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येईना. वर्षभरात वजन होतं तिथे परत, पण जमिनीवरून उठणं तसंच अवघड राहिलं. गेले होते त्यात स्नायू बरेच होते, परत आली ती मात्र चरबी. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू तसेही ३ ते ८ टक्क्यांनी घटतात. बायकांत पाळी जायच्या सुमारास चरबी पोटाकडे सरकते. त्यात उपासमार केली तर सगळाच आनंद.

"मी रोज पाच किलोमीटर चालतो की!" हे वाक्य मला पाठ झालंय. चाला, जरूर चाला, पण नुसत्या चालण्याने स्नायू टिकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत आठवड्याला किमान १५० मिनिटं थोडा दम लागेल अशी मध्यम हालचाल आहेच, आणि दोन दिवस ताकदीचा व्यायामही आहे. हा दुसरा भाग सगळे सोयीस्कर विसरतात. माझ्याकडे सुरुवात खुर्चीपासून होते: हात न टेकता उठायचं, बसायचं. मग भिंतीवर जोर, मग हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. डंबेल लागतात ते पुढे. ज्यांना पहिल्याच दिवशी बारबेल उचलायचा असतो, ते तिसऱ्या आठवड्यात कंबर धरून घरी बसलेले असतात.

आणि खाण्यात प्रथिनं. "आम्ही रोज वरण खातो" म्हणणाऱ्यांच्या वाटीत मी डोकावून पाहिलंय, डाळ तळाशी शोधावी लागते. निरोगी माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं असा आपल्याकडचा हिशेब आहे. वजन उतरवताना मी किलोमागे एक ग्रॅम धरते. सत्तर किलोच्या माणसाला सत्तर ग्रॅम झाले. एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, घट्ट डाळीच्या वाटीत सहा-सात. जोडा आणि बघा, कुठे पोहोचताय ते. मटकीची उसळ, पिठलं, दही, सोयाबीन, मासे खाणाऱ्यांना बांगडा, यातलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवंच. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांनी ठरवायचा.

वजन मी आठवड्यातून एकदा करायला सांगते, सकाळी, पोट साफ झाल्यावर. त्यापेक्षा टेप घ्या. आपल्याकडच्या पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी, बायकांची ८० च्या. टेप पोटावर धरायचा, पँटच्या पट्ट्यावर नाही. आणि श्वास आत ओढून मोजणाऱ्यांनी ते कुणासाठी मोजताय याचा विचार करावा.

बाकीच्या चुका, थोडक्यात

उपवास. एकादशी दुप्पट खाशी, हे आपल्या पूर्वजांनी उगीच नाही म्हटलं. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. त्यात दाण्याचं कूट आणि तूप, म्हणजे भरल्या प्लेटीच्या सहाशेच्या घरात कॅलरी सहज होतात. तीन ज्वारीच्या भाकऱ्या खाल्ल्या असत्या तरी चाललं असतं.

पहिल्याच रविवारी सिंहगड. गुडघे दुखतात ते चढताना कमी, उतरताना जास्त, आणि ते कळतं सोमवारी. आधी दोन महिने मांड्या तयार करा. बरं, वर जाऊन काय करतात? कांदाभजी आणि मडक्यातलं दही. मी दह्याच्या बाजूने आहे.

लिंबू, मध, गरम पाणी. प्या बापडे. चरबी वितळत नाही, मधाच्या साठेक कॅलरी मात्र पोटात जातात.

पोटाला बांधायचे घामाचे पट्टे. पैसे जास्त झाले असतील तर घ्या.

"माझं थायरॉइडमुळे आहे." असेल. टीएसएच तपासा, थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती रिकाम्या पोटी घ्या. पण थायरॉइडने वाढतात ते थोडेच किलो. बाकीच्यांचा पत्ता दुसरीकडे आहे.

घोरणं हसण्यावारी नेणं. जोरात घोरणं, मध्येच श्वास अडकणं, दिवसा गाडी चालवताना पेंग, असं असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. झोप नीट नसेल तर भूक आवरत नाही, बीपीही आटोक्यात येत नाही.

इंजेक्शनं. मार्च २०२५ मध्ये मौंजारो हे भूक कमी करून वजन उतरवणारं इंजेक्शन भारतात आलं, तेव्हापासून दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. औषध काम करतं, पण ते ज्याच्या-त्याच्या डॉक्टरने द्यायचं, मैत्रिणीने नाही. आणि भूक मेलेली असताना प्रथिनं आणि ताकदीचा व्यायाम सोडला, तर वर सांगितलेल्या ताईंची गोष्ट पुन्हा होते, फक्त महागात.

शेवटची चूक उलटी आहे. काहीही न करता वजन उतरायला लागलं की लोक खूश होतात. मुद्दाम काही केलेलं नसताना सहा महिने-वर्षभरात ५ टक्क्यांहून जास्त वजन गेलं असेल, बरोबर फार तहान, रात्री लघवीला सारखं उठणं, भूक नसणं किंवा बारीक ताप असेल, तर माझ्या बॅचला येऊ नका. आधी साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि छातीचा एक्स-रे करायचा की नाही, हे डॉक्टरांना विचारा. फी मी पुढच्या महिन्यात घेईन.