एका ‘एस’चा फरक

‘मॅडम, टीम लीडशी एकदा सोक्षमोक्ष लावायचाय. इंग्रजीत काय म्हणू?’ कर्वेनगरातल्या माझ्या क्लासला दर बॅचमध्ये कुणीतरी हे विचारतंच. विचारणारा हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सुटून आलेला असतो, म्हणून आधी पाणी देते आणि मग विचारते, भांडायचंय की मिटवायचंय?

मिटवायचं असेल तर सुरुवात ‘कॅन आय हॅव अ वर्ड विथ यू?’ अशी करा. जरा बोलायचं होतं, एवढंच. पण त्यातला ‘अ’ गळून शेवटी ‘एस’ चिकटला, की ‘हॅव वर्ड्स’ होतं, म्हणजे सरळ बाचाबाची. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी साहेबांना मेलमध्ये हेच लिहिलं. ते एचआरच्या बाईंना सोबत घेऊनच आले. मला रजेच्या तारखा विचारायच्या होत्या!

सोक्षमोक्षाला नेमका शब्द ‘हॅव इट आउट’. तो मात्र घरी येऊन नवऱ्याला सांगायला ठेवा. समोरच्याच्या तोंडावर म्हटलात तर तो बाह्या सरसावतो. तिथे ‘लेट्स क्लिअर द एअर’ म्हणा. मनातलं मळभ काढू या, हा हेतू त्यात आधीच दिसतो. लगेच मुद्दा सांगा, ‘अबाउट मंडेज मीटिंग’, आणि गप्प बसा. पुणेकराला हे शेवटचं सगळ्यात जड जातं.

‘आय हॅव अ बोन टू पिक विथ यू’ म्हणजे तुला एक जाब विचारायचाय. हाडूक चघळणाऱ्या कुत्र्यावरून आलेला प्रयोग. मैत्रिणीला चालतो, साहेबांना नको.

‘बरी द हॅचेट’ जुन्या वैरासाठी. उत्तर अमेरिकेतले मूळनिवासी तह करताना शस्त्रं पुरत, त्यावरून हा आला. चहाच्या कपावरून झालेल्या कुरबुरीला कुऱ्हाड कशाला पुरायची?

आणि ‘सेटल द स्कोअर’च्या वाटेला जाऊ नका. हिशोब मिटवणं वाटतं, पण अर्थ वचपा काढणं. माझ्या एका विद्यार्थ्याने पार्किंगवरून बोलणं तुटलेल्या केरळी शेजाऱ्याला मेसेज केला, ‘लेट्स सेटल द स्कोअर, एट पीएम, पार्किंग.’ आठ वाजता शेजारी आला, सोबत वॉचमन आणि दोन मेहुणे. शेवटी मिटलं ते हिंदीत.