4294967297 ही संख्या तपासताना या चुका टाळा

2³² + 1 म्हणजे 4,29,49,67,297. गणितज्ञ फर्माच्या मते ही मूळ संख्या होती. 1732 मध्ये गणितज्ञ ऑयलरने तिला 641 ने पूर्ण भाग जातो हे दाखवलं. आजही ही संख्या हातात घेतली की माणसं त्याच त्याच ठिकाणी अडखळतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लवकर थांबणं. शेवटचा अंक 7, म्हणून 2 आणि 5 बाद. अंकांची बेरीज 59, म्हणून 3 बाद. मग 7, 11, 13 करत शंभरपर्यंत जायचं आणि ‘मूळ आहे’ म्हणून मोकळं व्हायचं! खरं तर वर्गमूळापर्यंत, म्हणजे 65,536 पर्यंत जायला हवं, आणि तिथवर 6,542 मूळ संख्या आहेत. 641 ही त्यांतली 116 वी. आधीच्या 115 जणी तुम्हाला रिकाम्या हाताने परत पाठवतात.

पण एवढे भागाकार करत बसणं हीसुद्धा चूकच. समजा p या मूळ संख्येने भाग जातो. मग p ने भागल्यावर 2³² ची बाकी −1 येते, म्हणून 2⁶⁴ ची बाकी 1. म्हणजे 2 च्या घातांच्या बाक्यांचं चक्र बरोबर 64 पायऱ्यांचं, आणि त्या चक्राच्या लांबीने p − 1 ला भाग जायलाच हवा. तेव्हा p ही 64 च्या पटीपेक्षा एकाने मोठी असणार. अशा मूळ संख्या क्रमाने 193, 257, 449, 577 आणि 641. पाचव्या भागाकारातच काम फत्ते! मला या संख्येतलं सगळ्यात सुंदर काही वाटत असेल तर ते हेच.

भागाकार 67,00,417 येतो. तो मूळ आहे असं गृहीत धरू नका, त्यालाही हाच नियम लावून 2,588 पर्यंत तपासा. तो मूळच निघतो, म्हणून 4294967297 चे विभाजक फक्त चार: 1, 641, 67,00,417 आणि ती स्वतः.

पाया 2 घेऊन केलेली फर्माची कसोटी इथे फसवते. या कसोटीत पायाचा (संख्या − 1) वा घात घेऊन त्याला त्या संख्येने भागतात; बाकी 1 आली तर पास. आपल्या संख्येने भागल्यावर 2⁶⁴ ची बाकी 1 येते आणि तिच्यातून 1 वजा केला की उरणाऱ्या 2³² ला 64 ने भाग जातो, त्यामुळे संख्या कसोटीत पास होते. पाया 3 घेतला की नापास.

प्रोग्रॅममध्ये उत्तर विचित्र येत असेल तर आधी चलाचा प्रकार बघा. 32 बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकात जास्तीत जास्त 4294967295 मावतो, म्हणून आपली संख्या तिथे नुसती 1 होऊन बसते. 32 बिटांच्या दशांश प्रकारात (float) तर ती 4294967296 होते, चक्क सम! 64 बिटांचा पूर्णांक घ्या.

आणि 65536² + 1² अशी दोन वर्गांची बेरीज दिसली म्हणून ती मूळ ठरत नाही. 62264² + 20449² करून बघा. उत्तर तेच येतं, आणि मूळ संख्या अशी दोन वेगळ्या प्रकारे कधीच लिहिता येत नाही.