ऐन तोडणीत पाऊस आला तर: कॉफी बागायतदारांसाठी सल्ला

कर्नाटकातल्या कोडगू, चिकमगळूर आणि हासनमध्ये कॉफीच्या दोन जातींपैकी अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी चालते, रोबस्टाची डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत. हे महिने कोरडे असतील हा भरवसा आता उरलेला नाही. नोव्हेंबरमध्ये, कधी भर जानेवारीतही सरी कोसळतात आणि दोन वर्षांचे पीक एकदम धोक्यात येते: झाडावरची फळे आणि पुढच्या हंगामाच्या कळ्या. म्हणून तोडणी तारखेवर नव्हे, चार-पाच दिवसांच्या हवामान अंदाजावर ठरवा.

पिकलेले फळ पाणी पिऊन फुगते, साल तडकते आणि गळ सुरू होते. पाऊस येणार असे दिसले की सर्वांत पिकलेला पट्टा आधी उरका. मात्र घाईत हिरवी फळे ओरबाडू नका. ती पल्परमध्ये, म्हणजे फळाची साल काढणाऱ्या यंत्रात, नीट सोलली जात नाहीत आणि सगळा माल तुरट होतो. झाडाखाली जाळी अंथरा आणि गळालेली फळे रोज वेचून वेगळी ठेवा. त्यांत बुरशी लवकर धरते, शिवाय फळ पोखरणारा भुंगेरा तिथेच पुढच्या हंगामापर्यंत तग धरतो. भोके पडलेली फळे उकळत्या पाण्यात 2 ते 3 मिनिटे बुडवून मगच वाळत घाला.

सर्वाधिक माल बिघडतो तो मात्र खळ्यावर. तोडलेली फळे पोत्यात रात्रभर ठेवली तर तापून आंबतात. पल्प करायचा माल त्याच दिवशी पल्प करा. ढगाळ हवेत पार्चमेंट (साल काढलेल्या, पण टरफलासकट असलेल्या बिया) जमिनीपासून उंच बांधलेल्या जाळीवर पातळ पसरा. वर प्लास्टिकचे छत चालेल, पण दोन्ही टोके उघडी हवीत, नाहीतर आत वाफ कोंडते. दिवसभर वारंवार उलथत राहा आणि संध्याकाळी दव पडण्याआधी झाका. अर्धवट वाळलेला माल पुन्हा भिजला की बुरशी आलीच, त्यामुळे ताडपत्री खळ्याशेजारीच ठेवा. पार्चमेंटचा ओलावा 10 टक्के, अरेबिका चेरीचा (न सोलता वाळवलेल्या अख्ख्या फळांचा) 10.5 आणि रोबस्टा चेरीचा 11 टक्क्यांवर आला की माल भरा. ओलावामापक नसेल तर एकच माप रोज भरून तोला. वजन उतरायचे थांबले की माल वाळला. चिखलदऱ्याच्या बागांनाही वाळवणीचे हेच नियम लागू पडतात.

आता कळ्यांकडे. रोबस्टाचा फुलोरा नीट उमलायला 25 ते 40 मिमी पाणी लागते. नुसता शिडकावा झाला तर कळ्या जाग्या होतात, पण पुरत्या न उमलता वाळतात. म्हणून बागेत पर्जन्यमापक हवाच. पाऊस कमी पडला असेल आणि पाणी हाताशी असेल, तर एक-दोन दिवसांत तुषार सिंचनाने तूट भरून काढा. पुरेसे पाणी मिळाल्यावर रोबस्टा 7-8 दिवसांत फुलतो, म्हणजे उरलेली फळे काढायला जेमतेम आठवडा मिळतो. कळ्या लांबून पांढऱ्या दिसू लागल्या की तोडणी थांबवा आणि पाकळ्या वाळेपर्यंत त्या पट्ट्यात मजूर पाठवू नका. रोबस्टाला परपरागीकरण, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या फुलातले पराग, लागते. फांदी हलून फुले झडली तर तिथे फळ धरत नाही. फुलोऱ्यानंतर 15 ते 20 दिवसांत पाऊस आला नाही तर सुमारे 25 मिमी पाण्याची दुसरी पाळी द्या.

सावलीची झाडे मात्र उन्हाळ्याच्या तोंडावर छाटू नका. उघड्या पडलेल्या अरेबिकाच्या खोडावर पांढरा खोडकिडा सहज अंडी घालतो.