छोटी कॅरॅव्हान ओढताना गाडीचं नाक वर जाऊ देऊ नका

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाट उतरून कॅरॅव्हान, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, गोव्याला न्यायची असेल, तर खरी तयारी अंगणातच होते. कॅरॅव्हानचा पुढचा दांडा गाडीला जोडतात; त्याचं वजन गाडीच्या मागच्या टोकावर पडलं की गाडीचा पार्श्वभाग बसतो आणि पुढची चाकं हलकी होतात. वळणावर स्टिअरिंग फिरतं, गाडी मात्र उशिरा वळते. वजन वाटणाऱ्या हिचचे (गाडी आणि दांडा जोडणाऱ्या सांध्याचे) दोन स्प्रिंग बार, म्हणजे लवचीक पोलादी दांडे, हा भार थोडा पुढच्या चाकांवर, थोडा कॅरॅव्हानच्या चाकांवर ढकलतात.

आधी सामान भरा, मगच मोजा. पाणी, सिलिंडर, भांडीकुंडी, सगळं. जड वस्तू खाली आणि आसाच्या जरा पुढे. मी एकदा पाण्याचे कॅन मागच्या कोपऱ्यात ठेवले, आणि तवंदी घाटाच्या उतारावर कॅरॅव्हान डावी-उजवी हेलकावू लागली. ॲक्सिलरेटर सोडला तेव्हा हळूहळू सावरली. ही चूक कुठलाही हिच निस्तरत नाही.

भरलेल्या कॅरॅव्हानच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार दांड्यावर हवा, म्हणजे १,००० किलोला १०० ते १५० किलो. भाताची पोती तोलायचा काटा मागून आणा. चाकांना दगड लावा, काट्यावर लाकडी ओंडका उभा करा आणि दांडा जोडतानाच्या उंचीला त्यावर टेकवा.

आता टेप. नुसती गाडी सपाट जागी उभी करून जमिनीपासून पुढच्या मडगार्डच्या कमानीपर्यंतची उंची घ्या. समजा ८० सेंमी. कॅरॅव्हान जोडल्यावर, बार न लावता, ८३ झाली. बार ताणल्यावर ती ८१.५ ते ८० च्या दरम्यान यावी. तुमच्या गाडीला नेमकं किती, ते गाडीच्या पुस्तकात पाहा. ८० च्या खाली नकोच, मागची चाकं पकड सोडतात.

बार लावताना जोडलेला दांडा आणि गाडीची मागची बाजू जॅकने एकदमच उचला, म्हणजे बारच्या टोकाची साखळी कॅरॅव्हानच्या दांड्याला अडकवायला झटापट करावी लागत नाही. तोंड बाजूला ठेवा. ताणलेला बार निसटला तर हात मोडतो. दोन्हीकडे साखळीच्या कड्या मोजून सारख्याच. जॅक खाली घ्या, पुन्हा टेप लावा, कमी-जास्त असेल तर एक कडी बदला.

हिच लावला म्हणून गाडीची ओढायची मर्यादा वाढत नाही, आणि तो ब्रेकचं काम करत नाही. कॅरॅव्हानच्या चौकटीला असे बार चालतात का, हे विकत घेण्याआधीच बनवणाऱ्याला विचारा. खोल चरीतून गाडी काढायची असेल तर बार आधी सोडा.

जांबोटीला चहाला थांबाल तेव्हा पिना, बोल्ट आणि सुरक्षा साखळ्या हाताने चाचपून बघा. घाट त्याच्या पुढेच आहे.